चौफुलीवरची लोहविद्या : धावेपासून सायलेन्सरपर्यंत

वऱ्हाडच्या जुन्या मुलकी दप्तरांत या प्रांताचे दोन भाग मानलेले असत : पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या, सखल जमिनीचा पयानघाट, आणि त्याच्या दक्षिणेस अजिंठ्याच्या डोंगररांगेवर पसरलेला उंचसखल माळांचा बालाघाट. अकोल्याहून दक्षिणेस निघालेली वाट बार्शीटाकळी आणि महान ही गावे मागे टाकून या बालाघाटावर चढते, आणि मंगरुळपीरास पोचण्यापूर्वी जेथे तिला नागपूरकडून औरंगाबादकडे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगराकडे जाणारी दुसरी वाट आडवी भेटते, तेथे शेलूबाजार वसलेले आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अकबराच्या अमदानीत सिद्ध झालेल्या ऐन-इ-अकबरीत वऱ्हाड सुभ्यातील सरकारांमध्ये वाशिमची गणना आहे. 1853 च्या तहाने हा मुलूख निजामाच्या दौलतीतून इंग्रजांच्या कारभाराखाली गेला, 1903 साली तो मध्य प्रांतास जोडण्यात आला, 1905 साली वाशिम जिल्हा मोडून मंगरुळचा तालुका अकोला जिल्ह्यात घालण्यात आला, आणि 1 जुलै 1998 रोजी वाशिम पुनश्च स्वतंत्र जिल्हा झाला. तथापि शेलूबाजारच्या अर्थजीवनावर या सर्व घडामोडींहून खोल ठसा उमटवला तो लोहमार्गांच्या आखणीने. 1867 साली नागपुरास पोचलेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग अकोला, मूर्तिजापूर या पयानघाटातील गावांवरून गेला. मूर्तिजापूरहून निघालेली अरुंद मापाची गाडी, जिला लोकांनी शकुंतला हे नाव दिले, ती कारंज्यावरून यवतमाळकडे वळली. आणि अकोल्याहून पूर्णा जंक्शनकडे जाणारा मीटर मापाचा फाटा वाशिमवरून दक्षिणेस उतरला. या तीन मार्गांच्या मधल्या पट्ट्यात जी गावे राहिली त्यांना स्टेशन गाठावयाचे तर चाकाशिवाय गती नव्हती, आणि शेलूबाजार हे त्या पट्ट्यातील गाव आहे.

जे गाव चाकावर जगते तेथे चाक, आणि चाकाच्या आश्रयाने आलेले लोखंड, दुरुस्त करणारा मनुष्य पाटील-पटवाऱ्याइतकाच आवश्यक असतो. त्याच्या विद्येचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. बंडीच्या चाकावर धाव चढवणारा लोहार आणि मोटारीच्या मागच्या बंपरात सायलेन्सरचे तोंड नीट बसवणारा आजचा वेल्डर यांच्यामध्ये शंभर-सव्वाशे वर्षांचे आणि दोन अगदी भिन्न यंत्रयुगांचे अंतर आहे. परंतु दोघांचेही हात एकाच नियमाने बांधलेले आहेत. तापलेले लोखंड वाढते, निवताना आक्रसते, आणि या वाढीचा व आक्रसण्याचा हिशेब ज्याला काम सुरू करण्यापूर्वी करता येतो त्यालाच लोखंड बसवता येते.

1861 ते 1865 या वर्षांत अमेरिकेतील यादवीमुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला जगाच्या बाजारात एकाएकी प्रतिष्ठा लाभली, आणि पुढे लोहमार्ग आल्यावर बालाघाटावरचा कापूस बंड्यांत भरून घाट उतरवीत स्टेशनापर्यंत नेण्याचा परिपाठ कायमचा पडला. त्या बंडीचे चाक म्हणजे ग्रामीण कारागिरीचा एक परिपूर्ण नमुना होता. मध्यभागी तुंबा, तुंब्यात रोवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले वक्र पाटे, आणि या सर्व लाकडाला बाहेरून कवेत घेणारी लोखंडी धाव : यांपैकी लाकूडकाम सुताराचे आणि धाव लोहाराची. खिळे पुष्कळ मारले तरी बाभळीचे हे सांधे खडकाळ वाटेवर टिकत नाहीत. ते टिकतात धावेच्या आवळण्याने. म्हणून लोहार चाकाचा बाहेरचा घेर सुतळीने मोजून घेई, लोखंडाची पट्टी त्या घेराहून किंचित तोकडी कापी, ती गोल वळवून तिची दोन्ही टोके भट्टीत पांढरी होईपर्यंत तापवी आणि घणाखाली एकजीव करी. मग ते कडे जमिनीवर आडवे ठेवून त्याच्याभोवती गोवऱ्यांचा विस्तव रचला जाई. कडे चहूबाजूंनी सारखे लाल झाले की दोघे-तिघे जण सांडशींनी ते उचलून, खाली पालथ्या ठेवलेल्या लाकडी चाकावर टाकीत; लाकूड धुमसू लागे, घणाचे ठोके भराभर पडत, आणि कडे पुरते खाली बसताच घागरीमागून घागर पाणी ओतले जाई. निवणारे लोखंड आक्रसताना आरे तुंब्यात आणि पाटे एकमेकांत रुतत, आणि सांध्यांचा करकर आवाज उभ्या असलेल्या सर्वांना ऐकू येई.

या कर्मात कसब कोठे होते ते अंकांनी पाहण्यासारखे आहे. साधे लोखंड तापमानाच्या प्रत्येक अंशास आपल्या लांबीच्या सुमारे 12 दशलक्षांश इतके वाढते. चार फूट व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे 380 सेंटिमीटर. कडे 500 अंशांनी तापवले तर त्याच्या घेरात जवळजवळ 23 मिलिमीटरची वाढ होते. म्हणजे लोहाराला मुभा होती ती एवढ्याच अंतराची. पट्टी याहून अधिक तोकडी कापली तर धाव चाकावर चढणारच नाही. चढण्याजोगी पण अति तोकडी झाली तर निवताना ती आऱ्यांना मुरगाळून चाक वशिंडासारखे फुगवील. आणि पुरेशी तोकडी नसली तर चैत्र-वैशाखात लाकूड सुकून आक्रसताच धाव सैल होऊन वाटेतच निखळेल. याच भयाने उन्हाळ्यात शेतकरी चाके नाल्याच्या डोहात भिजत घालीत. ज्या लोहाराला अंश ठाऊक नव्हते, उष्णतामापक ठाऊक नव्हता, तो केवळ लोखंडाचा रंग पाहून आणि सुतळीवर बोटाचे माप धरून हे अंतर साधीत असे, आणि त्याबद्दल सुगीच्या वेळी खळ्यावर मिळणारे बलुत्याचे धान्य घेऊन घरी जाई. मला ही विद्या पोथीत ग्रथित झालेल्या कोणत्याही शास्त्राइतकीच आदरणीय वाटते. बाजाराच्या दिवशी उघड्यावर भाता मांडून विळे, कुऱ्हाडी आणि वखराच्या पासा करणारे फिरते घिसाडीही याच लोहकुलातले. परंतु धाव चढवण्याचा मान स्थायिक लोहाराचा राहिला, कारण सुताराशी रोजचा सहवास असल्यावाचून ते काम साधत नाही.

लोहाराच्या हातात धूर वाहून नेणारी नळी आली ती मोटारीच्याही आधी, तेलावर चालणाऱ्या इंजिनाच्या रूपाने. विहिरीवर पाणी उपसण्यास आणि पिठाची गिरणी फिरवण्यास डिझेलचे इंजिन महाराष्ट्रात घरोघर माहीत झाले. किर्लोस्करांनी तर 1946 साली पुण्यास केवळ तेल-इंजिनांसाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. गिरणीच्या खोलीत इंजिन बसवले की त्याचा धूर भिंतीतून बाहेर काढावा लागे, आणि येथे नवशिक्याची फजिती होई. नळीच्या बरोबर मापाचे भोक पाडून, चुना किंवा सिमेंट भरून नळी भिंतीत चिणली, तर इंजिन तापल्यावर वाढलेली नळी एकतर भिंतीला तडा देई किंवा इंजिनाच्या तोंडाशी असलेली जोडाची चकती फोडी. त्यात इंजिनाच्या थरथरीची भर पडे. जाणता मिस्त्री भोक नळीहून मोठे ठेवी, त्यात रुंद नळकांडे बसवी आणि मधली पोकळी मोकळी सोडी किंवा अ‍ॅस्बेस्टॉसच्या दोरीने सैल भरी, जेणेकरून नळीस मागेपुढे सरकण्यास वाव राहील आणि छपराच्या लाकडास तिची आच लागणार नाही. पुढे मोटारीच्या बंपराशी जो प्रश्न उपस्थित झाला त्याची ही पूर्वपीठिका होय.

आता मोटारीकडे वळू. मुंबईत पहिल्या मोटारी 1898 च्या सुमारास उतरल्या. त्याच्या आदल्या वर्षी, 1897 मध्ये, अमेरिकेतील इंडियाना राज्यात मिल्टन आणि मार्शल या रीव्ह्ज बंधूंनी मोटारीच्या धुराचा आवाज मंद करणाऱ्या उपकरणाचे पेटंट घेतले होते. त्याचे तत्त्व सोपे आहे. इंजिनाच्या नळकांड्यातून जळालेला वायू दाबाखाली सुटतो तो अखंड प्रवाहाने सुटत नाही, ठोक्याठोक्याने सुटतो. चार नळकांड्यांचे इंजिन मिनिटास 3000 फेरे घेत असेल तर सेकंदास असे 100 ठोके नळीत शिरतात. नळी एका रुंद डब्यात उघडली तर वायूला पसरण्यास जागा मिळते. डब्यात आडव्या भिंती आणि सच्छिद्र नळ्या घातल्या तर आवाजाच्या लहरी उलट फिरून परस्परांस क्षीण करतात. आणि वायू शेवटच्या नळीतून तुलनेने शांतपणे बाहेर पडतो. आरंभीच्या काळात कित्येक मोटारींना पायाने उघडण्याची एक झडपही असे, जिच्यातून धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर निघे. आवाज करण्याची हौस मोटारीइतकीच जुनी आहे याचा हा पुरावा. हिंदुस्थानात मोटारींचा पहिला सर्वदेशीय कायदा 1914 साली झाला, दुसरा 1939 साली, आणि त्याला अनुसरून मध्य प्रांत व वऱ्हाडची नियमावली 1940 मध्ये आली.

बालाघाटाच्या आडरस्त्यांवर मोटार रुळली ती प्रथम खासगी सर्व्हिस मोटारींच्या रूपाने, आणि मग महायुद्ध संपल्यावर लष्कराच्या जादा सामानाच्या लिलावांतून बाहेर पडलेल्या जीपगाड्यांमुळे. 1 जून 1948 रोजी पुणे ते अहमदनगर या मार्गावर मुंबई राज्याची पहिली एस. टी. धावली, 1956 साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि 1961 साली वेगवेगळ्या विभागांतील सरकारी वाहतूक एकाच महामंडळाखाली एकवटली. एस. टी. जेथे दिवसातून एकदोनदाच जाई तेथे काळी-पिवळी जीप जाऊ लागली. या गाड्यांच्या सायलेन्सरवर कोणाची नजर नसे, परंतु त्याच्यावर आघात मात्र सर्वांत अधिक होत. नाल्यांवर पूल होण्यापूर्वी पाण्यातून गाडी घालावी लागे; तापलेल्या पत्र्यावर थंड पाण्याचा मारा बसे; गिट्टीचे दगड खालून आदळत. आणि आतून गंज लागण्याचे कारण तर स्वतः इंधनच होते : एक लिटर पेट्रोल पुरते जळाले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात नळी इतकी तापते की ती वाफ निघून जाते. परंतु बाजारापासून वाडीपर्यंत आणि वाडीपासून बाजारापर्यंत अशा चारदोन मैलांच्या खेपा करणाऱ्या गाडीत ती मागच्या डब्यात निवून पाणी होते, त्यात धुरातील आम्ल मिसळते, आणि पत्रा आतून बाहेर कुजत येतो. बाहेरून धडधाकट दिसणारा डबा एके दिवशी बोटाने दाबताच खचतो तो यामुळे.

मूळ कंपनीचा सायलेन्सर अकोल्यास किंवा नागपुरास मागवावा, त्याची वाट पाहावी आणि त्याचे पुरे पैसे द्यावे, ही चैन खेपेवर पोट असलेल्या चालकाला परवडणारी नव्हती. म्हणून पुण्याच्या नाना पेठेत वा मुंबईच्या ऑपेरा हाउसच्या मोटार-सामानाच्या बाजारात मिळणारा, अनेक गाड्यांस जमेल अशा अंदाजाने तयार केलेला डबा आणावा आणि चौफुलीवरच्या वेल्डरकडून तो आपल्या गाडीस बसवून घ्यावा, असा रिवाज पडला. याच वेळी डनलॉपच्या रबरी चाकांच्या बंड्या आल्या. लोखंडी धावेचे काम आटत गेले, आणि ज्या गावी रस्ता मोठा होता तेथे भात्याच्या जागी अ‍ॅसिटिलिन वायू देणारा कार्बाइडचा डबा आला. ऑक्सिजन आणि अ‍ॅसिटिलिन यांची ज्योत, जिचे तापमान 3,000 अंशांच्या वर जाते, फ्रान्समध्ये 1895 नंतर अभ्यासली गेली आणि 1903 च्या सुमारास तिची हातात धरण्याजोगी नळी तेथेच सिद्ध झाली. अर्धशतकाच्या आत ती वऱ्हाडच्या रस्त्याकाठी पोचली होती. घणाखाली दोन टोके एकजीव करणाऱ्या लोहाराला ही ज्योत परकी वाटण्याचे कारण नव्हते.

येथपर्यंत सायलेन्सर बसवणे म्हणजे तो न गळता, न आदळता खाली टिकून राहील एवढे पाहणे असे. अँबॅसडर (जिचे उत्पादन 1957 ते 2014 असे चालले) किंवा कुर्ल्यास बनणारी प्रीमियर पद्मिनी यांचे बंपर पोलादी, क्रोमचा मुलामा दिलेले, आणि अंगापासून दूर धरलेले होते. धुराची नळी त्यांच्या खालून, एका कडेला, निमूटपणे बाहेर येई. ती दोन बोटे डावीकडे गेली काय किंवा उजवीकडे गेली काय, कोणाचे काही बिघडत नसे. 14 डिसेंबर 1983 रोजी पहिली मारुती 800 ग्राहकाच्या हाती पडली तेव्हापासून प्लॅस्टिकच्या बंपरांचे युग आपल्याकडे सुरू झाले, आणि पुढच्या दोन दशकांत बंपर गाडीच्या देहाशी एकजीव होऊन खाली इतका उतरला की नळीच्या तोंडासाठी त्याच्यातच खाचा ठेवाव्या लागल्या. ही खाच म्हणजे एक ठरलेली चौकट झाली. तिच्यात तोंड मधोमध दिसले तर गाडी सुबक दिसते, कलले तर सारा मागचा भाग वाकडा वाटतो, आणि टेकले तर प्लॅस्टिक वितळते. गिरणीच्या भिंतीतील भोकाचा जुना प्रश्न असा नव्या वेषात परतला. फरक एवढाच की भिंतीला तडा जाण्यास महिने लागत, बंपरास डाग पडण्यास मंगरुळपीरपर्यंतचा प्रवास पुरतो.

बाजारातून आणलेला सायलेन्सर, विशेषतः दोन तोंडांचा, खाचेत सरळ बसत नाही याचे आश्चर्य वाटू नये. तो ज्या नमुन्याच्या गाडीवर बेतलेला असतो ती गाडी नवी, अपघात न झालेली, नव्या रबरांची असते. आपली गाडी तशी नसते. म्हणून चांगला कारागीर तोंडापासून आरंभ करीत नाही. तो इंजिनाकडून मागे येतो. प्रथम तो पुढची फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, तपासतो; मग ज्या रबरांवर सायलेन्सर टांगलेला असतो ती सर्व बदलतो, कारण जुने रबर लोंबते आणि आज त्याच्यावर माप घेतले तर नवे रबर घालताच तोंड वर चढते; मग एकही क्लॅम्प न आवळता सारी नळी सैल टांगतो आणि तिला स्वतःच्या वजनाने जेथे बसावयाचे तेथे बसू देतो. जी नळी ओढून-ताणून खाचेत आणली जाते ती आज सरळ दिसते, परंतु तो ताण फ्लँजच्या कडेशी साठून राहतो आणि काही महिन्यांत तेथेच तडा जातो. हा दोष मला सर्वांत अक्षम्य वाटतो, कारण तो गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि कारागिराला मात्र ठाऊक असतो.

नळीचे वळण बदलावयाचे झाले तर त्याला दोन मार्ग आहेत. एक म्हणजे नळीतून पाचरीच्या आकाराचा तुकडा कापून, फट मिटवून पुन्हा जोडणे. दुसरा अधिक डौलदार आहे : नळी काटकोनात न कापता तिरकी कापावी आणि मागचा भाग आपल्या अक्षाभोवती फिरवावा, तिरक्या कापामुळे फिरवण्याबरोबर दिशाही वळते आणि एक गुंजभर धातू न काढता तोंड हवे तिकडे नेता येते. जागेवर आल्यावर तोंडाची चकचकीत टिप नळीवर नुसती सरकवून ठेवावी आणि चारी बाजूंचे अंतर पाहावे. येथे धावेचा हिशेब परत करावा लागतो. इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत नळीची लांबी सुमारे 3 मीटर धरली आणि ती सरासरी 300 अंशांनी तापते असे मानले, तर साध्या पोलादाची नळी सुमारे 11 मिलिमीटर लांबते. 304 जातीच्या स्टेनलेस पोलादाची, जी दर अंशास 17 दशलक्षांशांच्या आसपास वाढते, 15 मिलिमीटर. पुढचे टोक इंजिनाशी बांधलेले असल्याने ही सारी वाढ मागे येते. शिवाय इंजिन आपल्या रबरी बैठकांवर झुलते, आणि त्याच्याबरोबर तोंडही डावी-उजवीकडे, वर-खाली हलते. म्हणून थंड गाडीवर तोंडाच्या सभोवती बोटभर मोकळी जागा ठेवणारा कारागीर कंजूष वा ढिला नसतो. तो गरम गाडी डोळ्यांपुढे आणून काम करीत असतो.

जोड मारतानाही उष्णता आपला वाटा वसूल करते. वेल्डिंगची शिवण निवताना आक्रसते आणि ज्या बाजूने प्रथम जोड मारला त्या बाजूस नळीला ओढते. दोन बोटे लांबीच्या शिवणीने दूरचे तोंड सहज कलते. यावर उपाय हाच की प्रथम तीन-चार ठिकाणी, समोरासमोर, केवळ टॅक, म्हणजे छोटे टाके, मारावेत, मग इंजिन चालू करून सायलेन्सर पुरता तापू द्यावा, तापलेल्या अवस्थेत अंतर पुन्हा पाहावे, आणि त्यानंतरच गाडीखालून उतरवून पुरी शिवण घालावी. धाव चढवणारा लोहार कडे बसताच चहूबाजूंनी सारखे पाणी ओती तो याच कारणाने. गाडी पुन्हा जमिनीवर उतरवून, मागे चार माणसे बसवून, आस वर आला असता तो नळीला लागतो की काय हेही पाहावे लागते. गाडी नुसती उचलून धरली असताना ही धडक कळत नाही. दोन गोष्टी मी येथे आवर्जून नोंदवतो, कारण त्यांत कारागिराच्या आणि गाडीच्या जिवाचा संबंध आहे. स्वस्त पडतो म्हणून पाण्याचा जस्ती पाइप सायलेन्सरास जोडण्याची जी रीत आहे ती टाकून द्यावी, कारण जस्त जळताना उठणारा पांढरा धूर श्वासात गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. आणि आजच्या गाडीवर विजेचे वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरीची तार सोडावी, नाहीतर इंजिनाचा कारभार पाहणारी संगणक-पेटी निकामी होण्याचे भय असते.

तोंड किती बाहेर असावे याचा निर्णय केवळ डोळ्याच्या आवडीवर सोडता येत नाही. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो. नळी बंपराच्या आतच संपली तर धूर तेथे घोटाळतो आणि मागच्या दाराच्या फटींतून आत ओढला जातो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन विषारी वायू असतो. तोंड बंपराच्या कडेपेक्षा किंचित बाहेर असावे यामागचे खरे कारण हे आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीही दिशेचा विचार केलेला आहे : धूर खाली किंवा डाव्या बाजूस सोडू नये, मागे किंवा उजवीकडे सोडावा, आणि नळी इंधनाच्या वाहिनीपासून निदान 35 मिलिमीटर दूर असावी. आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डाव्या बाजूने जाते, आणि त्या बाजूस पायी चालणारे, बाजारात बसलेले, एस. टी.ची वाट पाहणारे लोक असतात. नियम करणाऱ्यांनी त्यांच्या श्वासाची काळजी घेतली, ही गोष्ट बाजाराच्या गावाने तरी स्मरणात ठेवावी.

आवाजाचा विषय याहून कटू आहे. त्याच नियमावलीतील 120 वा नियम प्रत्येक वाहनास सायलेन्सर आवश्यक ठरवतो. 1 एप्रिल 2005 पासून नव्या प्रवासी मोटारीस 74 डेसिबल आणि 175 घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या दुचाकीस 80 डेसिबल ही कमाल मर्यादा ठरलेली आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मनाई आहे. असे असता बुलेटच्या सायलेन्सरातील जाळी काढून फटाके वाजवण्याची जी हौस गावोगाव पसरली, तिच्यामुळे पोलिसांनी अनेक शहरांत जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर पसरून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवला. या हौसेस माझी सहानुभूती नाही. लहान मुले, आजारी माणसे आणि जूला जुंपलेली जनावरे यांना या आवाजाने जो त्रास होतो तो प्रत्यक्ष आहे; आणि जाळी काढून टाकण्यास कोणतेही कसब लागत नाही, ती घालूनही नळी मोकळा श्वास घेईल असे करण्यास लागते. तोंड नीट बसवणे आणि आवाज वाढवणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत हे गिऱ्हाइकाला समजावून सांगणारा कारागीर मी त्या धंद्याचा खरा वारस मानतो.

11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला, आणि वाशिम जिल्ह्यात त्यावर चढण्या-उतरण्याची एक जागा शेलूबाजारपाशी आली. ताशी 120 किलोमीटरच्या त्या रस्त्याने बसवणुकीच्या दोषांची एक नवी परीक्षा निर्माण केली आहे. गावातल्या वेगाला जो सायलेन्सर निर्दोष वाटतो तो समृद्धीवर तासभर एकाच गतीने चालताना गाडीच्या पोटात घुमू लागतो, कारण इंजिनाचे सेकंदाला पडणारे ऐंशी-नव्वद ठोके आणि नळीचे स्वतःचे कंपन यांचे सूर जुळतात; आणि तासभराच्या त्या अखंड उष्णतेत, बोटभर जागा न सोडलेले तोंड बंपरास भाजून काढते.

दुसरा बदल अधिक दूरगामी आहे. 1995 साली चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, सक्तीचा झाला. 1 एप्रिल 2020 पासून भारत स्टेज 6 ची मानके सर्व देशास लागू झाली, आणि इंजिनापासून निघालेल्या नळीचा पुढचा सारा भाग संवेदक, परिवर्तक आणि डिझेल गाड्यांत काजळीच्या गाळण्या यांनी व्यापला गेला. त्यास चौफुलीवरच्या कारागिराने हात लावू नये हेच योग्य, आणि कायद्यालाही तेच अभिप्रेत आहे. त्याच्या वाट्यास मागचा डबा, शेवटची मीटर-दीड मीटर नळी आणि तिचे तोंड एवढे क्षेत्र उरले आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर आणि मोटार मेकॅनिक हे दोन्ही शिक्षणक्रम चालतात. दोहोंच्या सीमेवरचे हे काम मात्र मुले अजूनही गाडीखाली आडवे पडूनच शिकतात. म्हणून वऱ्हाडात धाव चढवलेले वृद्ध लोहार जोपर्यंत हयात आहेत तोपर्यंत त्यांच्याकडून घेर किती असता पट्टी किती तोकडी कापावी, विस्तव कोणत्या रंगापर्यंत न्यावा, पाणी कसे ओतावे, ही मापे लिहून घेतली पाहिजेत. आणि वाशिम जिल्ह्यातील एखाद्या प्रशिक्षण संस्थेने वेल्डरच्या वर्गात एकदा तरी बंडीचे खरे चाक आणून, गोवऱ्यांचा विस्तव रचून, मुलांच्या हातून त्यावर धाव चढवून घ्यावी.